फाईल तर हवी, पण कुठली मागितली ते सर्व्हरला कळता कामा नये

एनक्रिप्शनवर आपण सगळे भरपूर बोलतो, चॅट एंड टू एंड आहे का, साईटवर कुलूप दिसतंय का, पासवर्ड कुठे ठेवलाय वगैरे, पण या सगळ्यातून एक गोष्ट कायम निसटते आणि ती म्हणजे आपण काय मागितलं. वाटेत कुणी ऐकलं नाही हे मान्य, पण समोरच्या सर्व्हरला तर कळणारच ना की मला कुठला रेकॉर्ड हवाय, नाहीतर तो देणार काय? आणि बऱ्याचदा उत्तरापेक्षा प्रश्नच जास्त बोलका असतो. एखाद्या दुर्मिळ आजाराची माहिती तर सगळ्यांसाठी खुलीच असते, तिच्यात लपवण्यासारखं काही नाही, पण ती रात्री दोन वाजता कोण उघडून बघतंय यात सगळं आलं. एखाद्या गट नंबरचा सातबारा कुणीही बघू शकतं, पण व्यवहाराच्या आधी तो कोण सारखा बघतोय हे ज्याला कळलं तो भाव वाढवणार हे सांगायला नको. शेअर्सचं तेच, अजून नोंदणी न झालेल्या डोमेन नावाचं तेच.

मी स्टोरेजमध्ये काम करतो, म्हणजे डिस्क, रॅक, रिपेअर ट्रॅफिक (डिस्क गेली की तिच्यावरचा डेटा परत उभा करायला नेटवर्कवर होणारी ने-आण) हे माझं रोजचं. त्यामुळे प्रायव्हेट इन्फर्मेशन रिट्रीव्हल, म्हणजे पीआयआर, या विषयाकडे मी क्रिप्टोग्राफीच्या दारातून नाही तर स्टोरेजच्या दारातून आलो, आणि मला त्यातलं जे सगळ्यात जास्त आवडलं ते त्याच दारातून नीट दिसतं, म्हणून हे लिहितोय. गणित थोडं आहे पण आठवी-नववीच्या पलीकडे जात नाही, फक्त मधला उदाहरणाचा भाग कागद पेन घेऊन वाचा.

तर प्रश्न असा की सर्व्हरकडून फाईल घ्यायची पण कुठली घेतली ते त्याला कळू द्यायचं नाही. आपल्याकडे ताकाला जाऊन भांडं लपवू नये म्हणतात, इथे भांडं लपवूनच ताक आणायचंय. एक उपाय कुणालाही सुचेल, सगळ्याच्या सगळ्या फाईल्स डाउनलोड करा आणि हवी ती घरी उघडा. हसू नका, कारण १९९५ साली बेनी शोर, ओडेड गोल्डराइक, एयाल कुशिलेवित्झ आणि मधु सुदन या चौघांनी जो पेपर लिहिला त्यात त्यांनी दाखवलं की सर्व्हर एकच असेल आणि प्रायव्हसी शंभर टक्के हवी असेल, म्हणजे समोरच्याकडे कितीही मोठा कॉम्प्युटर असला तरी काहीच कळता कामा नये अशी, तर सगळा डेटा उतरवून घेण्यापेक्षा स्वस्त मार्ग नाहीच. हे मधु सुदन म्हणजे आयआयटी दिल्लीतून शिकून गेलेले. पण त्याच पेपरात पुढची गोष्ट आहे: डेटाच्या कॉपी दोन सर्व्हरवर असतील आणि ते दोघं एकमेकांशी बोलत नसतील, तर खूपच कमी डाउनलोडमध्ये काम होतं.

दोन सर्व्हरची युक्ती सोपी आहे. मी नाणं उडवून फाईल्सची एक रँडम यादी करतो, ही घे, ती सोड, ही घे असं. पहिल्या सर्व्हरला ती यादी देतो आणि सांगतो यातल्या सगळ्या फाईल्स एक्सऑर करून (म्हणजे बिटला बिट अशी बेरीज, जिच्यात एकच गोष्ट दोनदा आली की उडते) एकच उत्तर दे. दुसऱ्या सर्व्हरला तीच यादी देतो, फक्त मला हवी असलेली फाईल यादीत असेल तर काढतो, नसेल तर घालतो. दोन्ही उत्तरं आली की ती एकमेकांशी एक्सऑर करायची, जे दोन्हीकडे आहे ते उडून जातं आणि फरक तेवढा उरतो, तो म्हणजे माझी फाईल. प्रत्येक सर्व्हरला दिसते ती निव्वळ नाणं उडवून केलेली यादी, त्यात माझा मागमूस नाही. आणि हे कुठल्याही अवघड गणिताच्या भरवशावर नाही, उद्या क्वांटम कॉम्प्युटर आला तरी त्या यादीतून काही निघणार नाही कारण त्यात काही नाहीच.

आता स्टोरेजवाल्याला यात लगेच खटकतं ते हे की पूर्ण कॉपी हल्ली ठेवतो कोण? फार वापरात असलेल्या डेटाच्या ठेवतात, पण मोठा साठा सगळा इरेजर कोडिंगवर गेलाय. तीन कॉपी म्हणजे १ टीबीला ३ टीबी डिस्क. त्याऐवजी फाईलचे १० तुकडे करा, त्यातून गणिताने आणखी ४ तुकडे बनवा, १४ वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा, कुठलेही १० मिळाले की फाईल परत उभी राहते. खर्च १.४ पट आणि एकाच वेळी ४ डिस्क गेल्या तरी चालतं, तीन कॉपीत तर दोनच गेलेल्या चालतात. हे रीड-सॉलोमन कोड, १९६० सालचं गणित. फेसबुकची एफ४ सिस्टीम, जिच्यावर २०१४ साली पेपर आला, ती जुने फोटो-व्हिडिओ अशाच १० अधिक ४ मध्ये ठेवायची. म्हणजे एका सर्व्हरकडे आता कुठलीच पूर्ण फाईल नाही, तुकडा आहे, आणि तो पण कधी कधी मूळ तुकडा नसून बेरजेचा तुकडा. मग वरची दोन कॉपीची युक्ती इथे कशी लावायची?

एफ४ मध्येच एक गंमत आहे तीच उदाहरणाला घेतो. डेटासेंटरच्या आत १० अधिक ४ तर होतंच, पण अख्खं डेटासेंटर गेलं तर काय म्हणून एका डेटासेंटरमधला ब्लॉक आणि दुसऱ्यामधला ब्लॉक यांचा एक्सऑर करून तो तिसऱ्या डेटासेंटरमध्ये ठेवायचे. म्हणजे पहिल्याकडे अ, दुसऱ्याकडे ब, तिसऱ्याकडे अ+ब. तिघांपैकी कुठलेही दोन असले की सगळं मिळतं. (इथून पुढे + म्हणजे एक्सऑर, आणि एकच गोष्ट दोनदा आली की ती उडते एवढं लक्षात ठेवा.)

समजा ४ फाईल्स आहेत, प्रत्येकीचे दोन अर्धे, अ१ ब१ पासून अ४ ब४ पर्यंत. पहिल्या सर्व्हरवर सगळे अ, दुसऱ्यावर सगळे ब, तिसऱ्यावर प्रत्येक फाईलची अ+ब बेरीज. मला हवी तिसरी फाईल. नाणं उडवलं, यादी आली: १, ३, ४. ही यादी मी पहिल्या आणि दुसऱ्या सर्व्हरला जशीच्या तशी दिली. तिसऱ्याला देताना ३ चा आकडा उलटा केला, होता म्हणून काढला, त्यामुळे त्याला यादी गेली १, ४. पहिल्याने उत्तर दिलं अ१+अ३+अ४. दुसऱ्याने ब१+ब३+ब४. तिसऱ्याने अ१+ब१+अ४+ब४. आता तिन्ही एकत्र करा, अ१ दोनदा आलाय, उडाला, ब१ उडाला, अ४ आणि ब४ उडाले, आणि उरलं काय तर अ३+ब३. कुणाकडेही पूर्ण फाईल नव्हती, कुणालाही कळलं नाही, आणि मला हव्या त्या फाईलचा बेरजेचा तुकडा माझ्या हातात.

पण हा नुसता बेरजेचा तुकडा, अ३ आणि ब३ वेगळे काढायला अजून एक काहीतरी पाहिजे. म्हणून दुसरी फेरी, यावेळी नवीन यादी आणि उलटा आकडा पहिल्या सर्व्हरकडे. तशीच आकडेमोड केली की एकटा अ३ बाहेर येतो, आणि अ३+ब३ आधीच आहे म्हणजे ब३ पण आला. इथे यादी नवीनच लागते हे महत्त्वाचं, कारण जुनीच यादी वापरली असती तर पहिल्या सर्व्हरला आधी १,३,४ आणि मग १,४ दिसलं असतं आणि त्याने एका नजरेत ओळखलं असतं की भानगड ३ ची आहे. एकूण हिशोब: ६ तुकडे उतरवले, त्यातले कामाचे २. म्हणजे रेट एक तृतीयांश.

हा एक तृतीयांश कुठून आला तेच माझ्या मते या विषयाचं खरं मर्म आहे. तीन सर्व्हरवर दोनच सर्व्हरभर खरी माहिती होती, एक सर्व्हरभर जास्तीची. आणि मला मिळाला तो रेटही तीनातला एक. हा योगायोग नाही. २०१६ मध्ये राझान ताजेद्दीन आणि सलीम एल रुआयहेब यांनी अशा कोडेड साठ्यासाठी जी पद्धत दिली तिचा रेट सरळ येतो १ वजा के भागिले एन, जिथे एन म्हणजे एकूण सर्व्हर आणि के म्हणजे फाईल उभी करायला लागणारे तुकडे. म्हणजे डिस्क मेली तर असावा म्हणून जो जास्तीचा साठा आपण ठेवतो, ज्याला एरवी आम्ही ओव्हरहेड म्हणतो आणि कमी कसा करता येईल यावर मीटिंगा घेतो, तोच साठा प्रश्न लपवायच्या कामाला येतो. गणिताच्या नजरेने बघितलं तर उत्तर न देणारा सर्व्हर आणि मुद्दाम कचरा मिसळलेलं उत्तर या दोन्ही गोष्टी सारख्याच, दोन्हीकडे कोडच्या जास्तीच्या समीकरणांनी गाळ बाजूला काढायचा असतो. पहिल्यांदा हे लक्षात आलं तेव्हा मी खरोखर उठून येरझाऱ्या घातल्या, कारण रोज ज्या पॅरिटी ब्लॉककडे, म्हणजे त्या जास्तीच्या तुकड्यांकडे, मी फक्त विम्याचा हप्ता म्हणून बघत होतो त्यात हे एवढं दडलेलं होतं.

आणि मग देवाणघेवाण पण स्वच्छ दिसते. तीन पूर्ण कॉपी ठेवल्या तर डिस्क ३ पट पण रेट दोन तृतीयांश, म्हणजे दीडपट डाउनलोडमध्ये काम. १० अधिक ४ ठेवलं तर डिस्क १.४ पटच, पण रेट १४ पैकी ४, म्हणजे १ एमबीसाठी साडेतीन एमबी उतरवायचे. जास्तीचा साठा शून्य केला तर रेट पण शून्य, म्हणजे ही पद्धत संपली, परत सगळं उतरवून घ्या. डिस्कवर वाचवाल ते नेटवर्कवर भराल. याच्या उलट टोकाला २०१४ चा निहार शाह, के. व्ही. रश्मी आणि कन्नन रामचंद्रन यांचा पेपर आहे, कोडेड साठ्यात पीआयआर करता येतं हे सुरुवातीला दाखवणाऱ्यांपैकी हा एक, आणि त्यात तर फाईलपेक्षा फक्त एक बिट जास्त उतरवून पूर्ण प्रायव्हसी मिळते असं दाखवलंय, फक्त त्यासाठी सर्व्हर अफाट लागतात. शाह आणि रश्मी दोघं बेंगळुरूच्या आयआयएससीतून पुढे बर्कलीला गेलेले, आणि रश्मीचं काम मुळात रिपेअर ट्रॅफिक कमी करण्यावर, म्हणजे पक्की आमच्या धंद्यातली माणसं.

मग साहजिकच पुढचा प्रश्न, याहून चांगलं करता येतं का? पूर्ण कॉपींच्या बाबतीत हुआ सुन आणि सय्यद जाफर यांनी कॅलिफोर्नियात अर्व्हाईनला बसून तो कायमचा मिटवला, २०१७ साली त्यांचा पेपर छापून आला. त्यांनी कपॅसिटी काढली, म्हणजे याच्यावर कुणीच जाऊ शकत नाही अशी मर्यादा, आणि तिथपर्यंत पोचणारी पद्धतही दिली. कोडेड साठ्यासाठी तेच काम मेरीलँडच्या करीम बनावान आणि सेन्नूर उलुकुस यांनी केलं. सूत्र इतकं देखणं आहे की सांगतोच: के भागिले एन हा कोडचा रेट घ्या, मग १ अधिक तो, अधिक त्याचा वर्ग, अधिक घन, असं जितक्या फाईल्स तितकी पदं मांडा, आणि त्या बेरजेने १ ला भागा. आपल्या उदाहरणात ३ सर्व्हर, २ तुकडे, ४ फाईल्स, म्हणजे १ + २/३ + ४/९ + ८/२७, बेरीज ६५/२७, उलटं केलं की २७/६५, साधारण ०.४१५. आपण वर काढला होता ०.३३. फरक कुठून आला? तर आपण नको असलेल्या फाईल्सचा गाळ एकदा वापरून फेकून देत होतो, ते लोक एका सर्व्हरकडून आलेला गाळ जपून ठेवतात आणि दुसऱ्याकडच्या उत्तरातला गाळ काढायला परत वापरतात. फाईल्स वाढत गेल्या की मात्र हा फायदा विरत जातो आणि आकडा परत एक तृतीयांशकडे सरकतो, त्यामुळे लाखो फाईल्सच्या साठ्यात आपली साधी पद्धत जवळजवळ तितकीच चांगली. हे मला फार समाधानकारक वाटतं, साधी गोष्ट शेवटी पुरेशी ठरली.

इथपर्यंत मी एक गोष्ट गृहीत धरून चाललोय, की सर्व्हर एकमेकांशी बोलत नाहीत. खरी मेख तिथे आहे. वरच्या उदाहरणात पहिल्या आणि तिसऱ्या सर्व्हरने संगनमत करून याद्या शेजारी ठेवल्या की संपलं, फरक फक्त ३ चा. संगनमत करणारे टी सर्व्हर असतील तरी टिकेल अशी पद्धत फिनलंडच्या आल्टो युनिव्हर्सिटीतल्या रागनार फ्राय-होलांटी, ऑलिव्हर ग्निल्के, कॅमिला होलांटी आणि डेव्हिड कार्पुक यांनी २०१७ मध्ये दिली. कल्पना अशी की याद्या पण नुसत्या रँडम न ठेवता त्यांनाही एक कोड लावायचा, म्हणजे कुठल्याही टी याद्या एकत्र केल्या तरी त्या रँडमच दिसल्या पाहिजेत. मग साठ्याचा कोड आणि याद्यांचा कोड यांचा पदाला पद गुणाकार होऊन उत्तरांचा एक तिसराच कोड तयार होतो, आणि रीड-सॉलोमनमध्ये (जिथे तुकडे म्हणजे एका बहुपदीच्या किमती असतात) बहुपदीला बहुपदीने गुणलं की घातांची फक्त बेरीज होते, फार फुगत नाही, म्हणून तो तिसरा कोडही आटोपशीर राहतो. रेट येतो १ वजा (के अधिक टी वजा १) भागिले एन.

नंतर त्याच गटाने आणखी पुढे जाऊन दाखवलं की काही सर्व्हरनी उत्तरच दिलं नाही किंवा मुद्दाम खोटं दिलं तरी चालेल, फक्त गप्प बसणाऱ्या प्रत्येक सर्व्हरमागे एकाचा हिशोब आणि खोटं बोलणाऱ्यामागे दोनाचा हिशोब त्याच जास्तीच्या साठ्यातून वजा होतो. मला नेमकं हेच सांगायचं होतं. जास्तीचा साठा हे एकच बजेट आहे. मेलेली डिस्क, लपवलेला प्रश्न, संगनमत, खोटारडा सर्व्हर, सगळे त्याच खिशातून पैसे घेतात, आणि कुणाला किती द्यायचे हे आधी ठरवावं लागतं. १० अधिक ४ मध्ये प्रश्न एका सर्व्हरपासून लपवला तर रेट ४/१४, दोघांच्या संगनमतापासून ३/१४, चौघांच्या वेळी १/१४ आणि पाच जण एक झाले की खिसा रिकामा.

म्हणूनच फेसबुकसारख्या ठिकाणी हे सगळं लावायचं म्हटलं तर पहिल्याच पायरीवर अडतं, कारण १४ चे १४ सर्व्हर एकाच कंपनीचे, त्यांनी आपसात बोलू नये असं आपण कोण सांगणार? एकाच मालकाच्या साठ्यासाठी वेगळी शाखा आहे, १९९७ मध्ये कुशिलेवित्झ आणि राफेल ऑस्ट्रोव्हस्की यांनी सुरू केलेली, जी क्रिप्टोग्राफीच्या अवघडपणावर टेकून एकाच सर्व्हरवर काम करते. ॲपलने आयओएस १८ मध्ये अनोळखी नंबर कुणाचा ते शोधायला हीच वापरली, फोन नंबर एनक्रिप्टेड जातो, उत्तर एनक्रिप्टेड येतं. याच शाखेतली सिम्पलपीआयआर नावाची पद्धत प्रोसेसरच्या एका कोरवर सेकंदाला १० जीबी डेटा फिरवते, पण १ जीबीच्या डेटाबेससाठी आधी १२१ एमबीची एक हिंट, म्हणजे मदतीची आगाऊ माहिती, उतरवून ठेवावी लागते. ती दुनिया चांगली आहे, माझं काही भांडण नाही.

कोडेड पीआयआरची खरी जागा मला वाटते जिथे साठ्याचे मालकच वेगवेगळे आहेत तिथे. स्टोर्जसारख्या विकेंद्रित स्टोरेजमध्ये तुकडे अनोळखी लोकांच्या डिस्कवर जातात, त्यांच्या डॉक्युमेंटेशनमध्ये दिलेला आकडा ८० तुकडे आणि त्यातले कुठलेही २९ पुरेत असा आहे. सूत्रात घालून बघा. कुणाचंच संगनमत नसेल तर रेट ५१/८०, जवळपास ६४ टक्के. आणि ८० पैकी २० जण एकत्र येऊन नोंदी जुळवत बसले तरी ३२/८०, म्हणजे ४० टक्के रेट मिळतो, अडीचपट डाउनलोड. एक फोटो बघायला अडीच फोटोंचा डेटा, आणि बदल्यात वीस जणांनी मिळून डोकं लढवलं तरी कुठला फोटो ते कळणार नाही. माझ्या मते हा सौदा परवडणारा आहे. स्टोर्जमध्ये आज असं काही चालत नाही, मी फक्त आकडे बसवून बघतोय.

अडचणी आहेत, आणि त्या वरवरच्या नाहीत. एक तर सगळ्या फाईल्स त्याच ८० जणांवर, त्याच क्रमाने, सारख्या लांबीच्या असायला हव्यात, खऱ्या नेटवर्कमध्ये प्रत्येक फाईलचे ८० जण वेगळे असतात आणि कुठल्या ८० जणांकडे गेलात यावरूनच अर्धं गुपित फुटतं. लांबी सारखी करायला पॅडिंग, म्हणजे रिकामी भर, घालावं लागतं, तेही परत डिस्क खातं. आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे काम. माझ्या एका फाईलसाठी प्रत्येक सर्व्हरला त्याच्याकडचा सगळा डेटा, वरच्या नाण्याच्या यादीत सरासरी अर्धा, वाचावा लागतो, कारण कुठल्या फाईलला हात लागला यावरून हवी कुठली याचा सुगावा लागता कामा नये, म्हणून नको असलेल्या फाईल्सनाही तेवढाच हात लागायला हवा. एनव्हीएमईवर (म्हणजे वेगवान एसएसडीवर) ठीक, पण फिरत्या डिस्कवर १० टीबी एकदा वाचायलाच अर्ध्या दिवसाहून जास्त वेळ जातो, तिथे एकेक क्वेरी वेगवेगळी चालवणं शक्यच नाही. मग अनेकांच्या क्वेरी गोळा करून एकाच वाचनात सगळ्यांची उत्तरं काढायची, किंवा साठ्याचे छोटे गट करून फक्त गटाच्या आत लपायचं. हजार फाईल्सच्या गटात माझी कुठली ते कळत नाही, पण कुठला गट ते कळतं. शंभर टक्के प्रायव्हसीवाल्यांना हे आवडणार नाही, पण मला काहीच नसण्यापेक्षा हे कितीतरी बरं वाटतं.

आणि संगनमत अधिक कोडेड साठा या जोडीची कपॅसिटी किती हे अजून सुटलेलं नाही. आल्टोवाल्यांनी अंदाज बांधला होता की वरच्याच देखण्या सूत्रात के भागिले एन च्या जागी (के अधिक टी वजा १) भागिले एन घातलं की झालं. सगळ्यांना पटण्यासारखाच अंदाज होता. पण सुन आणि जाफर यांनी एक छोटंसं उदाहरण घेतलं, ४ सर्व्हर, कुठलेही २ पुरेत असा कोड, २ फाईल्स आणि २ जणांचं संगनमत. अंदाजाप्रमाणे मर्यादा ४/७ यायला हवी, ०.५७१. त्यांनी ३/५ रेटची पद्धत बनवून समोर ठेवली, ०.६. म्हणजे अंदाज मोडला, आणि त्याच्या जागी सगळ्या केसेसना लागू पडेल असं सूत्र अजून कुणाकडे नाही. ती ३/५ ची पद्धत मी सध्या पायथनमध्ये लिहून बघतोय, चालली की कोड इथेच टाकतो, आणि कुणी आधीच लिहून बघितली असेल तर कमेंटमध्ये जरूर सांगा, त्यातल्या मॅट्रिक्स कशा निवडल्या यावर मला बोलायचंय.